ऑटोखालच्या सात ओळी

कुंदाबाई ऑफिसात शिरली त्या क्षणी कोकिळा फोनवर बोलत होती, आणि तिथंच नडलं. ती गप्प बसलेली असती तर बाई सरळ केबिनकडे गेली असती. पण कोकिळा तिच्या रोजच्या, साखर पेरलेल्या आवाजात म्हणत होती, "बोला भाऊ. डबीवर हिरवा दिवा लागला का? लागला ना? मग काही घाबरू नका."

दारातली बाई जागच्या जागी थांबली. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चेहरा उन्हानं नाही तर रागानं लाल.

"हाऊच आवाज!" ती म्हणाली. "हाऊच शे. मी जलमभर भुलाव नही."

कोकिळानं फोन खाली ठेवला. पलीकडचा भाऊ अजून हॅलो हॅलो करत होता.

"तू सांगं ना तोतारामभाऊले? बंद दाबा, व्हई गयं? फोन स्पीकरवर व्हता. मी तठेच व्हतू."

जळगावच्या एमआयडीसीतलं हे ऑफिस म्हणजे एक मोठी खोली, एक काचेची केबिन आणि एक कूलर. कूलरचं पाणी संपलं की तोही नुसता गरम वारा फेकत ओरडत बसायचा. इथं शेतातल्या मोटरसाठी एक डबी तयार व्हायची. विहिरीवरच्या पेटीत स्टार्टरशेजारी बसवायची, आत सिमकार्ड घालायचं, आणि मग घरी बाजेवर पडल्या पडल्या मोबाईलवरून मोटर चालू करायची, बंद करायची. भिंतीवर जाहिरात होती: आता पेटीपर्यंत जायची गरजच नाही! जाहिरातीतला शेतकरी असा हसत होता, जशी काही लाईट त्याच्या घरचीच.

कोकिळा इथं सहा वर्षं फोन घेत होती. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण दहावी. टायपिंग पोरीच्या कॉम्प्युटरवर स्वतःच शिकलेली. शेतकऱ्यांना तिचं बोलणं कळतं म्हणून आधी फोन तिच्याकडे आले, मग माहितीपुस्तिका आली, मग मोबाईलच्या पडद्यावर प्रत्येक सेटिंगखाली जी छोटी चौकट असते, तिच्यातला मजकूरही आला. पगारात त्यातलं काही आलं नाही, ते सोडा.

कुंदाबाईचा नवरा झुलाल. शिरपूरजवळच्या त्यांच्या गावात वीस वर्षं मोटरी वर काढायचा, केबलचे जोड मारायचा. महिन्यापूर्वी तोतारामच्या विहिरीवर तो जोड मारत होता. तोतारामनं आधी कंपनीत फोन लावून मोटर बंद कशी करायची ते विचारलं. कोकिळानं समोरच्या कागदावरून वाचून सांगितलं: बंद बटण दाबा, मोटर बंद होईल. त्यानं दाबलं. पडद्यावर लाल अक्षरात 'बंद' आलं. मग लाईटही गेली. आता याहून बंद ते काय असतं? झुलालनं उघड्या तारा हातात घेतल्या. मध्येच लाईट आली, आणि बरोबर दोन मिनिटांनी मोटर आपोआप सुरू झाली. कारण 'ऑटो' नावाचं सेटिंग चालूच होतं, आणि 'बंद' बटण ऑटोला बंद करत नाही. ते फक्त त्या वेळची मोटर थांबवतं.

झुलाल वाचला. उजव्या हाताची तीन बोटं वाचली नाहीत. म्हणजे आहेत, पण असून नसल्यासारखी.

"बोटं हालतस नही," कुंदाबाई म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. गावमा बठ्ठा सांगतस, झुलालनी गलती शे. वीस वरीसना कारागीर आन इतलं बी कळनं नही. आते कोनी सल्लाले बी बलावत नही तेले. माले काही नको. एक कागद जोयजे. तेनी गलती नही, अशी लिखेल."

एवढ्यात केबिनचं दार उघडून प्रेमराज बाहेर आला. मालकाचा पुतण्या, तेहतीस वर्षांचा, शर्टाला कायम इस्त्री. त्यानं कुंदाबाईकडे पाहिलं नाही. तिच्या डोक्यावरून जाहिरातीकडे पाहिलं.

"बाई, बसा बाहेर. कागद देतो ना. दुपारपर्यंत देतो. कोकिळाताई, आत या."

आत समाधान बसला होता. ॲप बनवणारा. हुशार पोरगा होता, पण आपण हुशार आहोत हे समोरच्याला दर दहा मिनिटांनी कळलं नाही तर त्याला उचक्या लागायच्या.

"ऑटोखालची चौकट आज बदलायची," प्रेमराज म्हणाला. "मजकूर मी सांगतो, तुम्ही टाका. 'पंपाची दुरुस्ती करण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा खंडित करणे ही सर्वस्वी ग्राहकाची जबाबदारी राहील.' तारीख मागच्या जूनची. आवृत्ती जुनीच ठेवा. पुस्तिकेतही तेच. मग त्याची प्रिंट काढून त्या बाईला द्यायची. म्हणायचं, घ्या तुमचा कागद."

कोकिळाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कूलर ओरडत होता.

"सर, मागच्या जूनमध्ये हे वाक्य नव्हतं."

"आता असेल."

"मग झुलालची चूक ठरेल ना. लिहिलेलं असून त्यानं पाळलं नाही, असं होईल."

"मग कुणाची ठरवायची? माझी?" प्रेमराज टेबलावर वाकला. "फोनवर कोण बोललं होतं? रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. आणि पुस्तिका कुणी लिहिली? नाव सांगू बाहेर जाऊन? ती बाई तुमच्या झिंज्या उपटेल."

समाधान स्क्रीनकडे बघून हसला. "ताई, टाकून द्या ना. एक वाक्य आहे. पोथी लिहायची नाहीये."

"चारपर्यंत टाका," प्रेमराज म्हणाला. "नाहीतर उद्यापासून फोन घ्यायला दुसरी येईल. तिला निदान शुद्ध मराठी येत असेल."

कोकिळा बाहेर आली. तिची जागा आणि कुंदाबाईचा बाक यांच्यात जेमतेम चार हात अंतर होतं. म्हणजे चार वाजेपर्यंत त्या बाईच्या नजरेखाली बसायचं. कुंदाबाईनं पिशवीतून बाटली काढली, पाणी प्यायली आणि पुन्हा तिच्याकडे बघत बसली. डोळ्याची पापणीसुद्धा खर्च करत नव्हती.

कोकिळानं जुना मजकूर उघडला. तो तिनंच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

'सदर सुविधा कार्यान्वित केल्यास विद्युत पुरवठा पूर्ववत झाल्यानंतर निर्धारित विलंबाने पंप स्वयंचलितरीत्या कार्यरत होतो.'

हे वाक्य लिहून झालं तेव्हा ती किती खूश झाली होती! 'निर्धारित' हा शब्द तिनं बिलाच्या पाठीमागून उचलला होता, 'कार्यान्वित' पेपरातून. घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं होतं. तो शिवणाच्या मशीनवरून मान वर करून म्हणाला होता, "वा! एकदम सरकारी वाटतं." आणि तिला ते कौतुक वाटलं होतं. दहावी पास बाईनं लिहिलंय असं कुणाला वाटू नये, एवढीच तिची धडपड. ते कुणाला कळेल की नाही, हा प्रश्न तेव्हा तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

तिनं त्या वाक्याची प्रिंट काढली आणि कुंदाबाईसमोर धरली.

"वाचता येतं का?"

"सातवी शिकेल शे मी," कुंदाबाई फणकारली. कागद हिसकावून घेतला. बोट ठेवून वाचू लागली. "सदर... सुविधा... कार्या... कार्यान्... आवं, हाई मराठी शे का मंतर? कोनी लिखं हाई?"

"मी."

कुंदाबाईनं कागद खाली केला. आता ती ओरडेल, असं कोकिळाला वाटलं. पण तिनं नुसतं विचारलं, "तू घरमा अशी बोलस का? पोरीले म्हनस का, भाकर कार्यान्वित कर?"

हसू येण्यासारखी गोष्ट होती आणि हसता येत नव्हतं. कोकिळाचं माहेर धुळ्याजवळचं. ही भाषा तिच्या आईची होती. सहा वर्षांत या ऑफिसात तिनं ती एकदाही तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती.

"मी नवं लिखस," ती हळूच म्हणाली. "तू वाच. कठे अटकस ते सांग."

"मी तुना नोकर शे का?"

"नही. पन मी परत चुकनू तर कोनी तरी मरी."

कुंदाबाईनं तोंड फिरवलं. मग तोंड न वळवताच हात मागे केला, कागदासाठी.

पहिला कागद: 'कृपया लक्षात घ्यावे की, ऑटो सुरू असताना वीजपुरवठा सुरू होताच...'

"कृपया कसाले? घर पेटनं तर 'कृपया पानी टाका' म्हनतस का? आन वीजपुरवठा नको. लाईट म्हन."

दुसरा कागद: 'ऑटो सुरू असल्यास लाईट आल्यावर मोटर थोड्या वेळाने सुरू होईल.'

"थोडा येळ म्हंजे? चहा पिवाना येळ का बिडी वढाना?"

"दोन मिनिटं."

"मंग दोन मिनिटं लिख. आकडा लपाडी ठेवस का?"

तिसरा कागद तिनं वाचला. पुन्हा वाचला. 'मोबाईलवर बंद दाबलं असलं तरी' या शब्दांवर तिचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं कागद चुरगळला आणि फेकून दिला, आणि पदरानं नाही, तळहातानं नाक पुसलं.

"इतलंच व्हतं?" ती म्हणाली. "इतलासा शबूद? हाई लिखाले तुले काय रोग व्हता?"

कोकिळानं चुरगळलेला कागद उचलला, टेबलावर सरळ केला.

आता राहिलं होतं ते काय करायचं ते. नुसतं मोटर सुरू होते म्हणून सांगून भागत नाही. मग जोड मारायचा कसा? कोकिळाला वडलांचा सदरा आठवला. विहिरीवर काही काम निघालं की वडील पेटीतले तिन्ही किटकॅट उपसायचे आणि खिशात टाकायचे. पांढऱ्या चिनीमातीचे ते जाड फ्यूज. चालताना खिशात टकटक वाजायचे. आई सदरा धुवायला घेण्याआधी खिसा चाचपायची आणि करवादायची, "हाई दगडं काढा तठून!" ते दगड खिशात असले की अख्खी लाईट कंपनी आली तरी तार जिवंत होत नाही. झुलालही वीस वर्षं तेच करत आला असणार.

"मंग त्या दिवशी कसं काय काढं नही?" तिनं विचारलं.

"काढत व्हतात," कुंदाबाई म्हणाली. "पेटीकडे निंघनात बी. तोतारामभाऊनी मोबाईल दाखाडा. बंद शे म्हने, लाल शे म्हने, कशाले जातस पेटीलोंग?" तिनं भिंतीकडे हात केला. "त्यावर लिखेल शे ना. गरजच नाही."

जाहिरातीतला शेतकरी हसतच होता.

साडेतीनला कोकिळा मजकूर घेऊन केबिनमध्ये गेली. समाधाननं मोठ्यानं वाचला आणि 'तिन्ही किटकॅट काढून खिशात ठेवा' या शब्दांशी थांबला.

"खिशात? ताई, ही सेटिंगची माहिती आहे. आपलं सॉफ्टवेअर कुणाच्या खिशात जात नाही."

"करंट हातातून जातो," कोकिळा म्हणाली.

"अहो, पण आपण लोकांना सांगतोय पेटीपर्यंत जाऊ नका, आणि हे सांगतंय पेटीपर्यंत जा!" प्रेमराजचा आवाज चढला. "एकाच कंपनीची दोन तोंडं? धंदा बसवायचाय का? आणि हे तिसरं काय आहे? ही शेवटची ओळ?"

शेवटची ओळ होती: 'हे आधी लिहिलेलं नव्हतं. चूक आमची.'

"ही काढा," प्रेमराज म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "आणि वर मी सांगितलेलं वाक्य टाका. जूनची तारीख. तुम्ही दहावी पास आहात, ताई. तुम्हाला दुसरी नोकरी जळगावात कोण देणार, याचा विचार करून या."

ती म्हणाली, "बरं." आणि बाहेर आली.

खुर्चीवर बसून तिनं विचार केला, पण प्रेमराजनं सांगितलेला नाही. आत्तापर्यंत जिभेवर घोळवलेले सगळे जड शब्द तिच्यासमोर रांगेनं उभे राहिले. निर्धारित. कार्यान्वित. खंडित. सर्वस्वी. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी लपायला बसलं होतं. पहिल्या वर्षी ती स्वतः बसली होती. आज प्रेमराज बसत होता. जागा तीच, आणि जोडाशी मात्र हात दुसऱ्याचाच.

तिनं चौकट उघडली. आजची तारीख टाकली. मजकूर टाकला. चौकटीत सात ओळी बसतात. त्यातली पहिली ओळ साच्यातच ठरलेली, 'शेतकरी बंधूंनो,' ती तिला काढता येत नव्हती. बरोबर सात झाल्या. तिनं 'पाठवा' दाबलं. मग 'सर्वांना कळवा'वर खूण करून पुन्हा दाबलं.

आतून समाधानचा मोबाईल वाजला. प्रेमराजचा वाजला. कोपऱ्यात चाचणीसाठी लटकवलेल्या आठ मोबाईलनी एकदम टुंग केलं, जशी काही एखादी बारीक आरती.

केबिनचं दार इतक्या जोरात उघडलं की काच थरथरली.

"काय केलंत तुम्ही?" प्रेमराज तिच्या अंगावरच आला. "काय केलंत? समाधान, मागे घे! आत्ताच्या आत्ता मागे घे!"

"घेता येईल," समाधान दारातून म्हणाला. "पण साडेसहा हजार मोबाईल वाजले, सर. वाचलेलं कसं मागे घेणार?"

"या बाईला मी..." प्रेमराजनं दाराकडे बोट केलं. "चालत्या व्हा. पासवर्ड लिहून द्या आणि चालत्या व्हा. आणि रेकॉर्डिंग मी गावभर ऐकवतो तुमचं, थांबा."

"ऐकवा," कोकिळा म्हणाली. "आवाज माझाच आहे."

कुंदाबाई बाकावरून उठली होती. तिच्या पिशवीत फोन वाजत होता. तिनं काढला, कानाला लावला, ऐकलं, आणि मग तो कोकिळासमोर असा धरला, जसं एखाद्याला ताटातलं खरकटं दाखवावं.

"बोल. तेच शेतस."

फोनवर दमलेला, खरखरीत आवाज होता. कोकिळानं पहिल्यांदाच ऐकला. "तुम्हीन लिखं का हाई? तोतारामभाऊनी वाची दाखाडं आते."

"हो, झुलालभाऊ. मीच. मी..."

"अर्धं लिखं," झुलाल म्हणाला. ती माफी मागायच्या बेतात होती आणि त्याला तिच्या माफीत काडीचा रस नव्हता. "किटकॅट काढा, खिसामा ठेवा. कोना खिसामा? मालकना खिसामा ठेवात आन मालक इसरीसन परत लाई दिन्हात तर? मन्हा गुरूले अशीच बसना व्हता झटका. जो जोडले हात लावस, तेनाच खिसामा. दुसरा कोनाच नही. हाई लिखा. नहीतर काय कामनं?"

तो कारागिराचा आवाज होता. महिनाभरात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता तो विचारल्याशिवाय सांगत होता.

कोकिळानं फोन कान आणि खांद्यात धरला आणि चौकट पुन्हा उघडली.

"हात लावू नका त्याला!" प्रेमराज ओरडला.

'खिशात ठेवा' खोडून तिनं लिहिलं: 'जो हात लावणार त्याच्याच खिशात ठेवा.' आणि ओळ वाढली. आठ झाल्या. तळाची ओळ, 'चूक आमची' असलेली, चौकटीबाहेर गेली.

"बघा!" प्रेमराज म्हणाला. त्याला हसू फुटलं. "बसत नाही. काढा ती शेवटची. नियमच आहे ना सात ओळींचा? समाधान, सांग त्यांना."

समाधान पुढे आला. तो कोकिळाच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि पडद्याकडे बघत राहिला. जीभ गालात फिरवली. मग तिच्या खांद्यावरून हात पुढे करून त्यानं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड टाकला, साचा उघडला, आणि 'शेतकरी बंधूंनो' ही ओळ खोडून टाकली.

"बंधू कुणी नसतं," तो पुटपुटला. "उगाच जागा खातं."

सात ओळी झाल्या. कोकिळानं 'पाठवा' दाबलं, 'सर्वांना कळवा'ही दाबलं. कोपऱ्यातल्या आठ मोबाईलनी पुन्हा टुंग केलं. प्रेमराजनं समाधानकडे असं पाहिलं की तो भिंतीत जिरून जाईल. पण समाधान केबिनमध्ये गेला आणि आपली बॅग भरू लागला. कोण जाणे, तोही घाबरला असेल.

प्रिंटर खरखरला. कोकिळानं कागद काढला. वर तारीख आजची. तो तिनं कुंदाबाईच्या हातात दिला.

कुंदाबाईनं उभ्या उभ्या बोट ठेवून सगळा वाचला. शेवटच्या ओळीवर कुठं अडकली नाही. घडी घातली, पिशवीत नाही, पोलक्यात ठेवली.

"मी तुले माफ करनार नही," ती म्हणाली.

"माले माहीत शे."

"शिरपूरनी गाडी कितला वाजता?"

"साडेचारले. अजिंठा चौफुलीवरून रिक्षा पकड."

कुंदाबाई गेली. दार लावून घेतलं नाही. बाहेरची झळ आत आली.

प्रेमराजनं टेबलावर कोरा कागद आपटला, त्यावर पेन फेकलं. "पासवर्ड."

कोकिळानं पेन उचललं. घाईत लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं एकेक अक्षर सुटं काढलं, मोठं, ठसठशीत. शून्यात रेघ मारली, म्हणजे ते इंग्रजी ओ वाटायला नको.